हात सोडून रंगवलं की दरवेळी तेच चित्र का निघतं?

खाडीकाठ

नमस्कार मंडळी. चार वर्षं इथे नुसतं वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. कारण असं की आमच्या हॉलमध्ये तीन बाय चार फुटाचा एक कॅनव्हास गेले तीन आठवडे भिंतीकडे तोंड करून उभा आहे, घरातली माणसं त्याला वळसा घालून बाल्कनीत कपडे वाळत घालायला जातायत, आणि मला कळत नाहीये की तो झालाय, बिघडलाय, की अजून सुरूच व्हायचाय.

थोडं आधीचं सांगते. मी कळव्याला राहते. एकोणीस वर्षं बेलापूरला एका स्ट्रक्चरल कन्सल्टंटकडे ड्राफ्टिंग केलं, आधी बसने, मग ट्रान्स-हार्बर सुरू झाल्यावर ट्रेनने. कॉलम, बीम, स्लॅब, सळ्यांचं शेड्यूल. सुरुवातीला ट्रेसिंग पेपरवर शाईने काढायचो आणि चूक झाली की ब्लेडने खरवडायची, पुढे सगळं ऑटोकॅडवर आलं आणि चूक म्हणजे नुसतं कंट्रोल झेड. २०१६ ला नोकरी सोडली आणि रंग हातात घेतले. शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा दिल्या होत्या, चित्रकलेचं शिक्षण म्हणाल तर तेवढंच.

एकोणीस वर्षं मिलिमीटर मोजल्यावर मी एकच ठरवलं होतं, की आता काहीही ठरवायचं नाही. सोसायटीच्या गच्चीवर प्लॅस्टिक अंथरायचं, त्यावर फुल शीट कागद, आणि ॲक्रिलिक पातळ करून ओतायचं, शिंपडायचं, कागद उचलून कलता करायचा, बोटांनी फासायचं. कानात कधी भजन, कधी काहीच नाही. खोटं कशाला बोलू, त्या दोन वर्षांत जेवढी मजा आली तेवढी नंतर कधीच आली नाही. जिन्यावरून निळ्या पायांनी खाली यायचे आणि वॉचमन हसायचा.

मग एका दिवाळीच्या साफसफाईत कपाटावरचा गठ्ठा खाली काढला. साठ-पासष्ट कागद असतील, हॉलभर पसरले, सोफ्यावर, टीव्हीवर. सासूबाई चहाचा कप घेऊन आल्या, सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली आणि म्हणाल्या, "एकाच ठाणातली चादर वाटते गं." त्या गेल्या आणि मी खाली बसले, कारण खरंच तसं होतं. सगळ्यात डावीकडे खालून उजवीकडे वर जाणारा एक फराटा. सगळ्यात खाली गडद, वर फिकं. डावीकडून साधारण एक तृतीयांशावर एक मोठा डाग. निळा आणि गेरूसारखा तपकिरी. मी काही ठरवत नव्हते हे खरं, पण माझा उजवा हात कोपरापासून जेवढा आणि जसा फिरतो तसं चित्र होत होतं. मी त्याला दोन वर्षं 'आतून येतंय' म्हणत होते आणि ते खांद्याच्या सांध्यातून येत होतं.

त्यानंतरची तीन वर्षं मी नियम लावले. डावा हात. तीनच रंग. ब्रश बंद, फक्त पुट्टीची पट्टी. लॉकडाऊनमध्ये बारा बाय बारा इंचाचे कागद कापून ठेवले होते, रोज एक. ओहोटीच्या वेळी बाल्कनीतून खाडीचा चिखल दिसतो तो मला फार आवडतो, धड करडा नाही आणि धड तपकिरी नाही, अल्ट्रामरिन आणि बर्न्ट सिएना मिसळून तो साधारण जमतो, तर वर्षभर तोच एक रंग केला. चित्रं वेगवेगळी व्हायला लागली हे नक्की, पण चित्र म्हणजे कोडं होऊन बसलं. नियम पाळला की समाधान, मग चित्र कसं का असेना. त्यात इन्स्टावर टाकायला लागले आणि गुलाबी-सोनेरी टाकलं की लाइक जास्त यायचे, तर नकळत, नाही, चांगलं कळत असताना, मी गुलाबी-सोनेरी करायला लागले. एका इंटिरियरवाल्याने दोन घेतलीसुद्धा. घेताना सोफ्याच्या कापडाचा तुकडा घेऊन आला होता, चित्रावर धरून बघत होता. पैसे ठीक मिळाले, त्यातूनच पुढचे कॅनव्हास आले म्हणून तक्रार करत नाही, पण दुसऱ्या दिवसापासून सोनेरी ट्यूब हातात घ्यायची इच्छा गेली.

आता गेली तीनेक वर्षं पद्धत पार उलटी झालीय. खुर्ची टाकून बसते. चाळीस मिनिटं बघते, दोन मिनिटं काम करते. एक थर द्यायचा, वाळू द्यायचा, बघायचं, मग पट्टीने काही भाग ओढून काढायचा किंवा झाकायचा. यातलं थोडं शहाणपण आहे आणि थोडी ॲक्रिलिकची गरज आहे, कारण ॲक्रिलिकमधला बाइंडर, म्हणजे रंगाची पूड धरून ठेवणारा चिकट भाग, ओला असताना दुधासारखा पांढरट असतो आणि वाळला की पारदर्शक होतो, त्यामुळे ओला रंग फिका दिसतो आणि वाळल्यावर गडद. म्हणजे ओल्यावर घेतलेला प्रत्येक निर्णय चुकीच्या रंगाकडे बघून घेतलेला असतो. शिवाय लाल-हिरवा ओल्यात ओला गेला की चिखल होतो, आणि तो खाडीतल्यासारखा चांगला चिखल नसतो.

तर प्रश्न असा. पहिल्या पद्धतीत हात धावत होता आणि डोळे बंद होते. आता डोळे उघडे आहेत पण हात उचलतच नाही. तीन आठवडे झाले. याला अजून इंट्यूशन म्हणायचं का? आणि तुम्ही लोक, म्हणजे जे कोणी काही करतात, चित्रच असं नाही, कधी थांबता?

चहाबाज

पहिला प्रतिसाद माझा. फोटो टाका की ताई, फोटोशिवाय चित्राचा धागा म्हणजे मिसळीशिवाय पाव.

खाडीकाठ

मुद्दाम टाकत नाहीये. मोबाईल त्यातले करडे सगळे एक करून टाकतो आणि मग लोक फोटोला उत्तर देतात. शिवाय इन्स्टाचं वर सांगितलंच.

नौपाड्याचे_नाना

राग मानू नका, पण मला या प्रकारातलं काही कळत नाही आणि इतकी वर्षं जहांगीर आर्ट गॅलरीला जाऊनसुद्धा कळलं नाही. माझा पाच वर्षांचा नातू रोज असं एक चित्र फ्रिजवर लावतो. त्याला तीन आठवडे लागत नाहीत.

खाडीकाठ

नाना, राग कसला. नातवाचं चित्र माझ्यापेक्षा चांगलं असण्याची शक्यता आहे, खरंच सांगते. फक्त एक बघा, तो थांबतो कधी? माझी मुलगी लहान असताना मी बघायचे, मी कागद ओढून घेतला की चित्र संपायचं. नाही ओढला तर त्याच कागदावर रंगवून रंगवून भोक पडायचं. माझा कागद ओढायला आता कोणी नाही, एवढाच प्रॉब्लेम आहे.

नौपाड्याचे_नाना

हे मात्र खरं. काल डायनिंग टेबलपण रंगवलंन्.

अर्धवट_जेजे

धागा वाचून लॉगिन केलं. जेजे स्कूल ऑफ आर्टला दोन वर्षं होतो, मग घरच्या कारणाने सोडलं, म्हणून हे नाव. जरा लांबण लागेल.

पहिलं म्हणजे 'आपोआप' होणारं चित्र ही थोडी अफवाच आहे. रशियन चित्रकार कांडिन्स्कीचं बघा. १९१३ सालचं त्याचं 'कॉम्पोझिशन ७' हे भलंमोठं चित्र, साधारण दोन मीटर बाय तीन मीटर, नुसतं बघितलं तर वाटेल की वादळच येऊन गेलंय. रंगवलं त्याने चार दिवसांत, नोव्हेंबरच्या शेवटी, आणि त्याची जोडीदार, चित्रकार गाब्रिएल म्यूंटर, हिने मधल्या अवस्थांचे फोटो काढून ठेवलेत म्हणून हे पक्कं माहीत आहे. पण त्या चार दिवसांच्या आधी त्या चित्रासाठी तिसाच्या वर अभ्यासचित्रं केली होती, रेखाटनं, जलरंग, तैलरंग. म्हणजे चार दिवस हात मोकळा सुटला कारण आधी कितीतरी महिने तो बांधलेला होता.

दुसरा फ्रेंच चित्रकार आंद्रे मासों. १९२४ च्या आसपास सर्रिअलिस्ट, म्हणजे सुप्त मनातून कला काढू बघणाऱ्या लोकांमध्ये ऑटोमॅटिक ड्रॉइंगची टूम निघाली, हात सोडायचा आणि पेन चालू द्यायचं, ताई तुमचीच पहिली दोन वर्षं. मासों त्यात पटाईत होता. पण पुढे दोन-तीन वर्षांत त्याने काय केलं, कॅनव्हासवर डिंक ओतला, त्यावर वाळू फेकली, जास्तीची झटकली आणि जे उरलं त्यात आकार शोधून मोजक्या रेषा मारल्या. मला नेहमी वाटतं की त्यालाही स्वतःच्या मनगटाचा कंटाळा आला असणार. वाळूला मनगट नसतं ना.

आणि तिसरे आपले चित्रकार वासुदेव गायतोंडे, त्यांच्याशिवाय हा विषय पुरा होतच नाही. वर्षाला मोजकी पाच-सहा चित्रं. रोलर आणि पॅलेट नाइफ. बाकीचा वेळ बसणं. त्यांना 'अमूर्त' हा शब्दही पटत नसे, 'नॉन-ऑब्जेक्टिव्ह' म्हणायचे. तर तीन आठवडे म्हणजे काहीच नाही हो, निवांत बसा.

खाडीकाठ

मासोंचं माहीत नव्हतं, वाळूला मनगट नसतं हे लिहून ठेवलं. गायतोंडे मी पहिल्यांदा फोर्टच्या म्युझियममध्ये जहांगीर निकल्सन गॅलरीत बघितले. पुस्तकातल्या फोटोवरून वाटायचं की एकाच रंगाचा पडदा आहे, आणि समोर उभी राहिले तर आत पाच-सहा खोल्या. एकाखाली एक थर, मधूनच खालचा वर आलेला. रोलरने रंग लावलाय की काढलाय तेच कळेना. मी नोकरीतली माणूस, मला सेक्शन दिसला. म्हणजे जमिनीचा आडवा छेद घेतात तसा.

पण एक सांगू का, 'गायतोंडे पण बसायचे' हे ऐकून माझ्यासारख्या माणसाला फार आयतं निमित्त मिळतं. ते बसत होते तेव्हा काहीतरी होत होतं. मी बसते तेव्हा बरेचदा रात्रीच्या भाजीचा विचार चालू असतो.

ठेका

मी तबला वाजवतो, घोडबंदरला क्लास घेतो. चित्रातलं काही कळत नाही पण तुमचा प्रश्न आमच्याकडे रोज येतो. कायदा म्हणजे तबल्यातली एक ठरलेली रचना, आणि पलटे म्हणजे तिचे विस्तार; तो वाजवताना नियम असा की मूळ कायद्यात जे बोल आहेत तेच पलट्यात वापरायचे, बाहेरचा बोल चालत नाही. नवीन मुलाला वाटतं ही केवढी जबरदस्ती. आणि त्याला म्हणावं बरं तुझ्या मनाने वाजव, तर तो बरोब्बर तेच चार तुकडे वाजवतो जे त्याच्या हाताला चढलेत, पुन्हा पुन्हा, आणि त्याला वाटतं आपली उपज, म्हणजे नवीन सुचणं, चालू आहे. हाताला चढलेलं आणि सुचलेलं यातला फरक ऐकणाऱ्याला आधी कळतो, वाजवणाऱ्याला फार उशिरा.

माझे गुरुजी एक करायचे. मी रंगात आलो की मध्येच हात धरायचे आणि म्हणायचे, पुढचं आता म्हणून दाखव. तोंडाने म्हणता आलं नाही तर ते नुसतं बोटांचं. मग बोटांचं वाईट का, तर तसं नाही, बोटांचंच शेवटी कामाला येतं, पण कुठलं बोटांचं आणि कुठलं आपलं हे माहीत पाहिजे.

आणि थांबायचं म्हणाल तर आम्हाला सोपं आहे. सम येते, म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा. तुम्हाला सम नाही, वाईट वाटलं.

खाडीकाठ

सम नाही!! अगदी अगदी. हेच सांगायला मला एवढा मोठा धागा लागला.

सीवूड्स_पूर्व

सगळे एका सुरात बोलतायत म्हणून जरा वेगळं बोलते. मी चित्रकार नाही, बँकेत आहे. वडील गेले त्यानंतर वर्षभर रोज रात्री एक गोल काढायचे, पोस्टकार्डाएवढ्या कागदावर, इंडियन इंकने. दोनशेच्या वर झाले असतील. सगळे सारखेच. कोणी मला म्हणालं असतं की ही एकाच ठाणातली चादर आहे तर मी म्हटलं असतं हो, आहे, आणि मला त्याच चादरीत झोपायचंय. तुम्ही सगळ्यांनी मिळून सवयीला एवढं व्हिलन का केलंय? खाडीकाठ, तुमचा तो फराटा, खाली डावीकडून वर उजवीकडे जाणारा, तो तुमचाच आहे ना? सही करता तेव्हा दरवेळी वेगळी करता का?

आणि हो, गुलाबी आवडणाऱ्यांवर पण दया करा. आमच्याकडे टीएस चाणक्य या जहाजी प्रशिक्षण संस्थेच्या मागे फ्लेमिंगो येतात तेव्हा अख्खी खाडी गुलाबी असते आणि ती कुठल्या सोफ्याला मॅच नाही.

खाडीकाठ

सीवूड्स, तुमचा प्रतिसाद काल रात्री वाचला आणि लगेच उत्तर दिलं नाही, बरं झालं. वडिलांबद्दल वाईट वाटलं.

सहीचा मुद्दा मला लागला. चित्रकार रझांनी कितीतरी वर्षं बिंदू केला, त्यांना कोणी चादर म्हणत नाही, म्हणू पण नये. मी विचार करत होते की मग माझ्या त्या साठ कागदांत खटकलं काय. तर बहुतेक हे, की तुम्ही रोज त्या गोलाकडे जात होतात, तुम्हाला माहीत होतं आज गोल काढायचाय. मी मात्र प्रत्येक वेळी नवीन काहीतरी करतेय अशा गुंगीत होते. फराटा वाईट नव्हता. मला तो दिसत नव्हता. मी त्याला दोन वर्षं बघितलंच नाही, साठ वेळा काढला आणि एकदाही बघितला नाही, आणि मग सासूबाईंनी दाखवल्यावर शरमून एवढी घाबरले की डाव्या हाताने काढायला लागले. म्हणजे ओळख व्हायच्या आधीच घराबाहेर काढला.

फ्लेमिंगोंची माफी मागते. ऐरोलीच्या बाजूनेही दिसतात, बघितलेत.

चहाबाज

हा धागा कुठल्या कुठे चाललाय. वाखु (वाचनखूण) साठवली.

रोलर_आणि_पट्टी

ताई नमस्कार. माझा पेंटिंग कॉन्ट्रॅक्टचा धंदा आहे, कोपरखैरणे. भिंतीवाला पेंटिंग. धाग्याचं नाव बघून आत आलो, वाटलं हात सोडून म्हणजे बिल्डिंगला लटकवलेल्या झुल्यावर काम करतात त्याबद्दल आहे 😀 पण वाचत गेलो. दोन गोष्टी सांगतो, पटलं तर घ्या.

एक, कॅनव्हास भिंतीला तोंड करून टेकवून ठेवू नका, आत्ता जुलै चालू आहे. कळव्याला खाडीची हवा, बाहेरची भिंत असेल तर ओल आतपर्यंत येते. मागे हवा खेळली नाही तर बुरशी धरणार. चार बोटं गॅप सोडा, खाली लाकडाचे दोन तुकडे घाला.

दुसरं, तुम्ही लिहिलंय की चाळीस मिनिटं बघता. समोरून बघता का? आम्ही भिंत समोरून कधीच बघत नाही. लांबी (पुट्टी) भरली, पॉलिश पेपर मारला, की अंधार करायचा आणि बल्ब भिंतीला अगदी चिकटून बाजूने धरायचा. समोरून जी भिंत एकदम आरसा वाटते तिच्यावर बाजूच्या उजेडात डोंगरदऱ्या दिसतात, कुठे पट्टी थांबली, कुठे उचलली, कुठल्या पोराने घाईत मारलंय ते नावासकट कळतं. कस्टमरला हे आम्ही दाखवत नाही. तुम्ही एवढे थर दिलेत तर एकदा बाजूने उजेड मारून बघा काय दिसतंय.

अर्धवट_जेजे

रोलर साहेब, म्युझियमवाले जुनी चित्रं तपासताना हेच करतात, बाजूने उजेड टाकून फोटो काढतात, खालचे फटकारे, दुरुस्त्या, भेगा वर येतात. तुम्ही झुल्यावरून उतरून तिकडे नोकरी धरा.

रोलर_आणि_पट्टी

पगार किती देतात? 😀

नौपाड्याचे_नाना

मी रोज वाचतोय हो. नातवाला काल विचारलं, हे संपलं हे तुला कसं कळलं? म्हणाला, "मला शू लागली."

ठेका

नाना 🙏 सम सापडली.

खाडीकाठ

नऊ-दहा दिवसांनी येतेय, मध्ये घरात आजारपण होतं. सासूबाई आता बऱ्या आहेत.

परवा रात्री लाइट गेले होते. आमच्या लाइनला पावसात हे नेहमीचंच. टॉर्च शोधताना रोलर भाऊंची आठवण झाली, म्हटलं अंधार आयताच झालाय. कॅनव्हास फिरवला (मागे बुरशी नव्हती, वेळेत सांगितलंत, आता लाकडाच्या तुकड्यांवर आहे) आणि टॉर्च डाव्या कडेला चिकटून धरला.

मी त्याच्यावर आठ-नऊ थर दिलेत. समोरून बघाल तर वरचा सगळा तो खाडीचा करडा आहे, मध्ये थोडी पिवळ्या मातीची जागा, आणि गेले तीन आठवडे मी त्या पिवळ्या जागेशी भांडत होते, की ती मोठी करू का छोटी. बाजूच्या उजेडात ती पिवळी जागा दिसतच नव्हती. दिसत होता खालचा एक उंचवटा, बोटाएवढा रुंद, डावीकडे खालून निघून वर उजवीकडे गेलेला. पहिल्या थरातला असणार, जाड रंगाचा. तोच फराटा. सहा वर्षं झाली त्याला हद्दपार करून, आणि तो सगळ्याच्या खाली, वरचे आठ थर अंगावर घेऊन शांतपणे पडलेला. मी काढला केव्हा हेही आठवत नाही. मी एकटीच मोठ्याने हसले, आतून मुलगी ओरडली काय झालं.

त्याच्या दोन्ही बाजूंना पट्टीने ओढलेले आडवे वळ आहेत, अगदी समांतर, जवळजवळ सारख्या अंतरावर. सळ्या! स्लॅबचं डिटेलिंग दिसावं तशा. ते पण मी ठरवलेलं नव्हतं. म्हणजे मी जे दोन हात विसरायला निघाले होते, गच्चीवरचा आणि बेलापूरचा, ते दोघं त्या कॅनव्हासच्या आत एकमेकांना भेटून बसलेत आणि मी वर बसून पिवळ्याची चिंता करतेय.

मग लाइट आले. लगेच हात नाही लावला. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे झोपल्यावर वॉटर पेपर पाण्यात भिजवला आणि त्या उंचवट्यावर, वरच्या अर्ध्या भागातच, हळूहळू घासला. ट्रेसिंगवर ब्लेडने खरवडायचो ना, शाई निघाली पाहिजे आणि कागद फाटता कामा नये, तसं. सगळ्यात आधी करडा गेला, मग एक पांढरा, मग एक हिरवा आला जो मी दिल्याचं मला अजिबात आठवत नाही, शेवाळासारखा, आणि तिथे मी थांबले. का थांबले ते सांगता येणार नाही. अजून दोन थर खाली आहेत हे माहीत होतं आणि हातही चालला होता. ठेका, तुमच्या गुरुजींनी हात धरावा तसं काहीसं झालं, फक्त हिरव्याने धरला.

पिवळी जागा आहे तशीच आहे. तिचं काही करायची गरजच नव्हती, आता तिच्याकडे लक्षसुद्धा जात नाही.

सीवूड्स_पूर्व

फराटा घरी आला. 🙂

अर्धवट_जेजे

झालं म्हणायचं का मग चित्र?

खाडीकाठ

माहीत नाही. पण कपडे वाळत घालायला जाताना सासूबाई काल त्याच्यासमोर थांबल्या, हातात ओला टॉवेल. काही बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही.

चहाबाज

आता तरी फोटो??

खाडीकाठ

आता तर मुळीच नाही. घरी या, कळवा स्टेशनवरून चालत आहे. चहा मिळेल, टॉर्च तुमचा आणा.

रोलर_आणि_पट्टी

ताई वॉटर पेपर किती नंबरचा घेतलात? १०० ने घासलं असेल तर ओरखडे राहतात.

खाडीकाठ

आधी २२०, मग ३२०. पाणी भरपूर ठेवलं. सुका घासला तर ॲक्रिलिक गरम होऊन चिकटतं आणि धूळ नाकात जाते, माझ्या काही ट्यूबा कॅडमियमच्या आहेत.

रोलर_आणि_पट्टी

मग बरोबर. शेवटी एकदा ४०० फिरवा, अगदी हलक्या हाताने.

खाडीकाठ

४०० घरात नाही. उद्या स्टेशनच्या बाजूच्या हार्डवेअरवाल्याकडे बघते.